भेगेवरची काच

“हलूक नाय, साहेबानू!”

ड्युटीवर आले की काकांचं पहिलं वाक्य हेच. म्हणजे भिंत हलली नाही. घाटकोपरच्या जुन्या पंपघरात ते ऑपरेटर होते, मी नवा ज्युनिअर इंजिनीअर. मागच्या भिंतीला एक भेग होती. तिच्यावर त्यांनी काचेची पट्टी आडवी बसवली होती; भिंत केसभर सरकली तरी काच तडकावी म्हणून. सदऱ्याच्या टोकानं ती पुसायची, मगच पंप चालू.

सरकारी इमारतीला घरचं माणूस समजणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. हे त्याच्याही पुढचे. चहा पिताना मला शिकवायचे.

“वर झरोके कशाक? वाफेची इंजिना होती, उष्णता जाऊक. इंजिना गेली, विजेचे पंप इले, भिंत तीच. चुन्याची हा, श्वास घेता.”

“काका, लग्नच करा तिच्याशी.”

“आणि घरचीक काय सांगू?”

ते आता नाहीत, म्हणून लिहायचं धाडस करतोय.

वरिष्ठांना नवं काँक्रीटचं पंपघर हवं होतं. “भेग वाढतेय, एवढंच लिही ना,” ते मला म्हणाले. “तुला नोकरीत कायम व्हायचंय अजून.” गिरणीच्या संपात वडील घरी बसलेले. घर माझ्या एकट्याच्या पगारावर.

दुपारी काका डबा खायला गेले, तेव्हा मी पान्यानं काचेवर ठोकलं. एकदाच. काच तडकली, पंपांच्या आवाजात मलाही ऐकू आलं नाही.

ते परतले. काचेपुढे उभे राहिले. पुसायला धरलेलं सदऱ्याचं टोक हातातच राहिलं.

“माका कळूक नाय वो,” ते म्हणाले. “कोणाच्या डोक्यार पडली असती तर?” आणि माझ्यापुढे हात जोडले. माझ्या रिपोर्टवर साक्षीदार म्हणून त्यांनीच सही केली.

भिंत पाडायला आलेल्या मजुरांचे घण उलटे उडत होते. शिव्या घालत होते बिचारे, दगड सुटेना. बरं झालं, काकांची तोवर कांदिवलीला बदली झाली होती.

पुढे कामानिमित्त तिकडे गेलो. नवंकोरं पंपघर, गिलावा गुळगुळीत, भेगेचा पत्ता नाही. तरी भिंतीवर काचेची पट्टी होती.

“साहेबानू, आता तुमीच बगा, हलली काय ती,” ते म्हणाले. “माजा माका कळना नाय.”

मी वाकलो. माझ्या शर्टाच्या टोकानं काच पुसली.

“हलूक नाय, काका.”