खोटारडा काटा

दसरा तोंडावर आला असताना माझ्या लहान भावाने जाहीर केलं, "ताई, गाडीचं इंजन गेलं."

दसऱ्याला बालाघाटहून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, हा आमच्या घरचा नेम. आईचे गुडघे धरले म्हणून गेल्या वर्षी ती एकटी मागे राहिली होती. बसची पायरी तिला चढवत नाही. यंदा घेतलेली आमची जुनी गाडी बुटकी, तिच्यात ती आपली आपण बसते. म्हणजे गाडी नाही तर आईचं जाणं नाही, इतकी साधी गोष्ट. तिची पांढरी साडी तर केव्हाच इस्त्री होऊन खुर्चीवर आली होती.

"काहून रे, कशावरून गेलं?"

"आरपीएमचा काटा पाह्य ना. गाडी उभी अन् काटा पाचवर जाऊन राह्यला, मंग धाडकन शून्यावर. रस्त्यात बंद पडली तं? मी दोस्तांच्या जीपमधी जातो. आईले पुढच्या साली नेऊ."

पुढच्या साली! सत्तरी ओलांडलेल्या बाईला पुढच्या सालाचा वायदा! माझं टाळकंच सरकलं. चावी हिसकावून घेतली आणि गाडीत जाऊन बसले.

गाडी सुरू केली, डोळे मिटले. आवाज एकसारखा, कुठे अडखळणं नाही. डोळे उघडले, तर इंजनचे फेरे मोजणारा तो काटा वरातीत आल्यासारखा नाचतोय. एक्सलेटर हळूहळू दाबला. आवाज सरळ चढत गेला, काटा मात्र आपल्याच नादात. माझे कान खोटे की हा काटा?

गल्लीत काढावी म्हणून इंडिकेटर दिला आणि थबकलेच. इंडिकेटर टिकटिकेल तसा काटा उसळत होता, अगदी त्याच तालावर. ब्रेक दाबला, काटा खाली. हेडलाइट लावले, काटा वर जाऊन चिकटला. आता सांगा, दिव्यांशी इंजनचं काय देणंघेणं? इंजन बिचारं निर्दोष होतं. घोळ मीटरच्या वायरीत होता.

"हे कधीपासून होऊन राह्यलं?" मी भावाला विचारलं.

"जयंतीपासून."

जयंतीच्या मिरवणुकीत याने गाडीला निळे दिवे लावले होते. साऱ्या गल्लीने वाहवा केली होती, मीही केली होती.

"त्या लायटिंगची वायर कुठी जोडलती?"

"मीटरच्या मांगं. तेथी जवळ पडे."

हौ बाप्पा, जवळ पडे!

मीटर मोकळं करून पुढे ओढलं. मागे एक काळी वायर असते, मीटरला गाडीच्या लोखंडाशी जोडणारी. पठ्ठ्याने ती स्क्रूखालून काढून दिव्यांच्या वायरीत पिळली होती. मिरवणूक संपल्यावर निळे दिवे उतरवले, पण ही काही जागेवर गेली नाही. गाडीच्या दिव्यांच्या एका वायरीला पिळून, वर टेप गुंडाळून लटकत ठेवलेली. दोन-चार तारांवर सगळा संसार!

तरी खात्री करायची म्हणून वायरीचा तुकडा घेतला. एक टोक काळ्या वायरीला, दुसरं उघड्या लोखंडाला. काटा गप्प उभा राहिला. तुकडा उचलला, नाचला. टेकवला, गप्प. मग गरज नसताना आणखी एकदा केलं, केवळ भावाचं तोंड बघायला. काय मजा आली म्हणून सांगू!

मग स्क्रूखालचा गंज घासला, वायर जागेवर बसवली, स्क्रू आवळला.

"चढावर चालवून दाखव, मंग मानतो," भाऊ पुटपुटला. साहेबांचं नाक अजून वरच! त्याला शेजारी बसवून लांजीच्या रस्त्याला गाडी घातली. चढावर काटा आवाजाबरोबर चढला, उतारावर आवाजाबरोबर उतरला. इंडिकेटर मी मुद्दाम चालूच ठेवला होता. परत येईस्तोवर भावाने दोनदा वाकून काटा तपासला.

निघायच्या सकाळी जीपवाल्यांनी हॉर्न दिला, तर हा पिशवी घेऊन आमच्याच गाडीपाशी. "ताई, चावी दे. मी चालवतो."

आई पांढऱ्या साडीत पुढच्या सीटवर केव्हाच बसली होती. "ताई चालवते," ती म्हणाली. "तू मांग बस."

मग तिने काच खाली केली. समोरच्या दारात शेजारीण झाडत होती. तिने काही विचारलंही नव्हतं, तरी आई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "चालली वो मी नागपूरले! माह्या पोरीनं केली गाडी दुरुस्त!"