ट्रेलर मागे घेताना

मैत्रिणीची अट साधी होती. शनिवारी सकाळी मी एकटीने बोट तळ्यात उतरवायची आणि एकटीनेच बाहेर काढायची. जमलं तर बोट माझी. नाही जमलं तर ती विकणार, कारण पुढच्या आठवड्यात ती नवऱ्यासोबत ओहायोतल्या डब्लिनला राहायला जाणार होती आणि तिथल्या अपार्टमेंटपाशी बोट वाहून न्यायचा ट्रेलर लावायला जागा नव्हती. गिऱ्हाईकही तयार होतं. तळ्यावर नेहमी भेटणारा, पांढऱ्या दाढीचा एक माणूस. शनिवारी दुपारपर्यंत सांगते, असं तिने त्याला कळवलं होतं.

“नुसती ड्राइव्हवेत उभी करून ठेवणार असशील तर नको,” ती मला म्हणाली. “बोट आहे ती, तुळस नाही.”

आम्ही नाशिकच्या शाळेत पाचवीपासून एका बाकावर बसायचो. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी बोललं की डायरीत शेरा यायचा, आणि इंग्रजी बोलायची मला भीती वाटायची, म्हणून मी गप्पच बसे. मिसनी मला काही विचारलं की मैत्रीण एकदा माझ्याकडे बघायची आणि उत्तर देऊन टाकायची. पुढे ती अमेरिकेत, कॅरी गावी नोकरीला आली, तीन वर्षांनी मीही आले, आणि इथेही तेच सुरू झालं. बँकेत, गाडी घेताना, अगदी गळाला लावायची रबरी गांडुळं विकत घेतानाही ती बोलायची आणि मी शेजारी उभी राहून बघायचे. बघणं मला जमतं. तळ्यावर बोटी उतरवायच्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, कोण कुणाला मनातल्या मनात हसतंय, हे मला तिच्याआधी कळायचं.

मासे पकडायचं वेड तिचं. तळं लहान, तिथे पेट्रोलचं इंजिन चालत नाही, म्हणून आमच्या चपट्या तळाच्या बोटीला बॅटरीवरची मोटर होती. मिळालेला पहिला मासा, बास जातीचा, आम्ही घरी नेला आणि कोकम घालून त्याचं कालवण केलं. त्याला चिखलाचा वास आला. तेव्हापासून आम्ही पकडून सोडून देतो. तिच्या आईला हे अजून पटलेलं नाही. “पकडायचा आणि सोडायचा? मग जाता कशाला गं एवढ्या पहाटे?” असं काकू दर वेळी फोनवर विचारतात.

मला उत्तर माहीत होतं, पण मी कधी दिलं नाही. त्या बोटीत दोन टोकांना पाठमोरं बसून तासन्‌तास न बोलता राहता येतं आणि कुणालाच त्याचं वावगं वाटत नाही. मला अशी दुसरी जागा सापडलेली नाही. मैत्रीण जाणार हे माझ्या हातात नव्हतं. बोट जाऊ द्यायची नाही, हे होतं.

तिला न सांगता मी माझ्या गाडीला मागे ट्रेलर जोडायचा हूक बसवून घेतला. मग सहा रविवार ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तिचा ट्रेलर मागे घ्यायला शिकले. मागे जाताना सगळं उलटं होतं. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे पळतो. “खालून धर,” तिने शिकवलं. “ट्रेलर जिकडे न्यायचाय, तिकडे हात ने. आणि घाई करू नकोस यार, तुझ्यामागे कोण लागलंय?” शेवटच्या रविवारी पाचपैकी चार वेळा जमलं.

शनिवारी मात्र मागे लोक होते. आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि आमच्यानंतर तीन गाड्या येऊन थांबल्या. मैत्रीण उतरून धक्क्यावर जाऊन उभी राहिली, हात जॅकेटच्या खिशात. मी बोटीच्या तळाचं भोक बंद करणारा प्लग तपासला. पहिल्या वर्षी तो लावायचा राहिला होता आणि आमच्या उपम्याच्या डब्यात तळं आलं होतं. पट्टे सोडले. प्लग पुन्हा तपासला. मग गाडीत बसून मागे निघाले.

अर्ध्या उतारावर ट्रेलर तिरका व्हायला लागला. मी सावरायला गेले तर आणखी वळला आणि गाडीशी काटकोनात आडवा झाला. अख्खा रॅम्प अडला. आता वेळ लागणार असं धरून मागे कुणीतरी ट्रकचं इंजिन बंद केलं. तो आवाज मला हॉर्नपेक्षा वाईट वाटला.

पांढऱ्या दाढीचा माणूस माझ्या खिडकीशी आला. फार नम्रपणे त्याने विचारलं, मी करून देऊ का, दोन मिनिटांचं काम आहे. मी मैत्रिणीकडे बघितलं. तीही माझ्याकडे बघत होती, शाळेत बघायची तशीच. मी वाट बघितली. मग तिने तोंड फिरवलं आणि ती पाण्याकडे बघायला लागली.

“नो, थँक यू,” मी म्हणाले. आवाज फारच लहान आला, म्हणून पुन्हा म्हणाले, “आय विल डू इट.”

तो मान हलवून मागे सरला. मी गाडी पुढे घेतली, पार वरपर्यंत, ट्रेलर सरळ होईपर्यंत. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरलं आणि पुन्हा निघाले. दोनदा थांबले, एकदा थोडी पुढे आले. मागे कोण काय करतंय ते बघितलं नाही. आरसे सोडून काहीच बघितलं नाही. ट्रेलरची चाकं पाण्यात गेली तेव्हा हँडब्रेक लावला, उतरले, दोर धक्क्याला बांधला, बोट ट्रेलरला धरून ठेवणारा हूक सोडला आणि तिला ढकललं. ती गेली. माझे बूट भरले.

तळ्यावर आम्ही चार तास होतो. तिला काही मिळालं नाही, मला वीतभर लांबीचा एक बास मिळाला. “याचं तर कालवणही झालं नसतं,” ती म्हणाली. तेवढंच. बाकी वेळ ओले मोजे बोटीच्या काठावर वाळत होते आणि आम्ही पाठमोऱ्या बसलो होतो.

दुपारी धक्क्याशी आल्यावर ती दोर धरून बोटीतच बसून राहिली. गाडी आणायला मी गेले. या वेळी पहिल्याच फेरीत ट्रेलर पाण्यात गेला, जरा तिरका, पण गेला. बोट ओढून वर घेतली. दाढीवाला तिथेच होता. त्याने आधी मैत्रिणीकडे बघितलं, मग मला विचारलं, बोटीचं काय ठरलं?

विकायची नाही, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला की रॅम्पची डावी बाजू शेवाळाने निसरडी असते, पुढच्या वेळी उजवीकडून ये.

मैत्रिणीने खाली वाकून प्लग काढला. बोटीतलं पाणी उतारावरून निथळू लागलं. इतकी वर्षं तो प्लग तिच्या गाडीच्या कपहोल्डरमध्ये असायचा. तिने तो जॅकेटला पुसला आणि माझ्या गाडीच्या कपहोल्डरमध्ये टाकला.

“हरवू नकोस,” ती म्हणाली, आणि शेजारच्या सीटवर बसून तिने बेल्ट लावला.