गिटारला दिलेला ‘जी’

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. तुळजापुरात आमच्या शेजारच्या खोलीत उर्दू शिकवणारे एक मास्तर राहायला आले. मूळचे हैदराबादचे. सामान म्हणजे एक वळकटी, एक ट्रंक आणि गिटार. मी विशी ओलांडलेला, पिढीजात गोंधळी. चुलत्यांच्या मागं उभा राहून एका तारेचं तुणतुणं वाजवायचो. सहा तारा बघून मला राहवेना. ठेका कोण धरतो? गातं कोण? रोज काहीतरी निमित्त काढून मी त्यांच्या दारात हजर.

“हे एकट्यानंच वाजवायचं,” मास्तर म्हणायचे. “गाणं नाही, साथ नाही.” ते स्वतःची एक नवी गत रचत होते. अंगठ्यानं जाड सूर, बाकीच्या बोटांनी वरची चाल. सुट्टीत हैदराबादला जाऊन ती चार लोकांपुढं वाजवायची होती, आणि धास्ती एकच: नुसती गिटार माणूस शेवटपर्यंत ऐकेल का?

चुलत्यांनी तर निकाल देऊनच टाकला होता. “कथा न्हाय, देवीचं नाव न्हाय. ऐकायचं कशाला?”

जायच्या आदल्या शुक्रवारी शाळा बंद होती; निजामाच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारीच असायची. दुपारी मास्तरांनी मला समोर बसवलं. “मध्ये बोलू नका. आवडलं नाही तर उठून जा, मला राग येणार नाही.” गत सुरू झाली. चाल पायरी-पायरीनं वर गेली आणि एकदम थांबली. मास्तरांची बोटं हवेतच होती. तेवढ्यात माझ्या तोंडून खणखणीत निघालं, “जी जी!”

मास्तरांचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ही जागा मुद्दाम रिकामी ठेवलीय,” ते म्हणाले. “काही कमी वाटलं का इथं?”

“न्हाय हो मास्तर. कथा सांगणारा थांबला की मागच्यानं ‘जी जी’ म्हणायचं, अशी आमची रीत हाय.”

“म्हणजे नुसती सवय.”

“सवय हाय, व्हय. पर कथा रंगंना झाली की जी पडेल निघतो. चुलते लगेच मागं वळून बघत्यात. आजच्यासारखा खणखणीत जी माझ्या तोंडून लई दिवसांत निघाला न्हवता.”

मास्तरांनी गत पुन्हा पहिल्यापासून वाजवली. त्या जागी मी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला, तरी घशातून हुंकार आलाच. ते मोठ्यानं हसले. मग कागद काढून त्यांनी रिकाम्या जागेवर उर्दूत दोन अक्षरं लिहिली, जीम आणि ये, म्हणजे ‘जी’.

“हैदराबादेत त्ये म्हणणार कोण?” मी विचारलं. “मी येऊ का संगं?”

“तुम्ही नको,” मास्तर म्हणाले. “तुमचा जी मला मिळाला. आता अनोळखी माणसाचा पाहिजे.”