माहेरची डिझेलगाडी

भिवंडीच्या शाळेत शिकवायला मी कोपरहून गाडी पकडायचे. ती डिझेलवर चालायची आणि नवी कधीच नसायची. दुसरीकडे वापरून झालेले डबे रंग मारून आमच्याकडे यायचे.

आमच्या बायकांच्या डब्यात एक अक्का असायच्या. लग्न होऊन तेलंगणातून भिवंडीला आलेल्या. आता राहायच्या डोंबिवलीत, मुलीकडे, पण साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान अजून भिवंडीतच होतं.

एका सकाळी वेगळेच डबे आले. दारावरचा रंग उडालेला आणि त्याखाली गोल गोल अक्षरं. अक्का पायरीपाशीच थबकल्या.

"अक्का, चढा ना!" मागून ओरडा झाला.

"स्त्रीलकु!" त्यांनी मोठ्याने वाचलं. "म्हणजे बायकांसाठी. अगं टीचर, ही माझ्या माहेरची गाडी!"

"गाडीला कसलं आलंय माहेर?" कोणीतरी हसलं.

"का नाही? मी आले, तशी तीही आली. दोघींना इथेच नांदायचंय."

दुसऱ्या दिवशी त्या हळदीकुंकू, अबोलीचा गजरा आणि डबाभर सकिनालु घेऊन आल्या. सकिनालु म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तीळ घातलेल्या कुरकुरीत चकल्या. त्यांनी दाराला कुंकू लावलं, कडीला गजरा बांधला. तेवढ्यात गार्ड खाली उतरला.

"काय चाललंय हे?"

"सासरी आलेल्या पोरीचं स्वागत करतेय."

त्याने एकदा गजऱ्याकडे पाहिलं, एकदा सिग्नलकडे. मग सकिनालुच्या डब्यापुढे हात केला. "मग मलाही द्या, आणि उरका पटकन."

गाडी सुटली. खारबावच्या भाजीवालीने धवला धरला, आगरी लग्नात गातात तो. शब्द येत नव्हते त्या टाळ्या वाजवत होत्या. मी तर शाळेच्या साडीवर सगळा चुरा सांडून घेतला.

नंतर अक्कांनी मला प्रवासात तेलुगू अक्षरं शिकवली. माझ्या वर्गातली बरीच मुलं यंत्रमागवाल्यांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. एकदा मी फळ्यावर त्यांची नावं त्या लिपीत लिहायला घेतली. पहिलंच नाव चुकलं.

"बाई, तो काना नाही!" म्हणत अख्खा वर्ग खडू मागायला फळ्यापाशी धावला.

पुढे विजेच्या गाड्या आल्या. ते डबे कुठे गेले, कळलं नाही. अक्का म्हणाल्या, "दिली असेल अजून कुठे. सुखात असेल."