भिंगरीचं पहिलं मोनोफिन

घरात तिला भिंगरी म्हणत. नाव नवऱ्यानेच ठेवलेलं. तो घड्याळं दुरुस्त करणारा, दिवस दिवस एका खुर्चीतून न हलणारा माणूस. आणि ही चहाचा कप हातात घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरणार, कप कुठेतरी विसरणार, मग तो शोधायला पुन्हा फिरणार. जेवतानाही टेबलाखाली तिचा एक पाय हलत असे. नोकरीही तशीच मिळाली होती, बुटांच्या दुकानात. गुडघ्यावर बसायचं, गिऱ्हाइकाच्या पायात बूट सरकवायचा, अंगठ्याजवळ दाबून "कुठे टोचतंय का?" विचारायचं, उठायचं, शिडी चढायची, दुसरा खोका काढायचा. या कामात ती तरबेज होती, आणि तिला स्वतःला ते पक्कं ठाऊक होतं.

अशा बाईने पन्नाशी उलटल्यावर दोन्ही पाय एकत्र अडकवून पोहायला सुरुवात केली, तेव्हा नवरा खुर्चीतून उठून उभा राहिला. यावरून काय ते समजावं.

मोनोफिन म्हणजे माशाच्या शेपटीसारखं एकच रुंद पातं. त्याला जोडलेले रबराचे दोन कप्पे. त्यांत दोन्ही पावलं शेजारी शेजारी घालायची आणि सगळं अंग लाटेसारखं हलवत पाण्याखालून जायचं. एक पाय इकडे, एक तिकडे असं तिथे चालत नाही. तलावावरच्या कोचचा नियमही कडक होता. श्वास रोखून एकट्याने कुणी जायचं नाही. एक जण खाली, एक जण वर. वरच्याने सोबत पोहत राहायचं आणि खालच्यावरची नजर काढायची नाही. खाली जाणं भिंगरीला लवकर जमलं. वर राहून बघणं काही केल्या जमेना. तिची नजर घड्याळाकडे जाई, दाराकडे जाई, कुणाची टोपी वाकडी झालीय तिकडे जाई. "बाई, खाली माणूस आहे!" कोच ओरडे.

हा सगळा खटाटोप मुलीसाठी होता. मुलगी लहानपणापासून याच तलावात वाढली, फिन घालून पोहण्याच्या शर्यती जिंकली, आणि त्या सगळ्या शर्यती रविवारी असत. रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. "पुढच्या वेळी नक्की," भिंगरी म्हणे. मुलगी घरी येऊन विचारी, "आलीच नाहीस ना?" नंतर तिने विचारणंच सोडलं. आता ती दुसऱ्या शहरात पोहणं शिकवत होती. फोन करी तो बाबांना, आईशी बोलणं "बरी आहेस ना?" एवढ्यावर आटपे. भिंगरीला ते जिव्हारी लागे, आणि मग ती घरातली कपाटं आवरायला घेई.

आणि आता मुलगी एका रविवारपुरती घरी येणार होती. भिंगरीने नवऱ्याच्या हातातून फोन ओढून घेतला. "आपण दोघी पोहू. मी शिकलेय."

मग मुलगी म्हणाली, "तू? रविवारी?"

"रजा टाकलीय."

तलावावर नवशिक्यांसाठी एक जुनं मोनोफिन होतं. मऊ पात्याचं, हजार पाय जाऊन सैलावलेलं. सगळे त्याला ढगळी म्हणत. जिंकलेल्या मुलीसमोर ढगळी घालून जायचं म्हणजे शोभाच. भिंगरीने स्वतःचं फिन घ्यायचं ठरवलं. कोचने तिला दहादा बजावलं. "पहिलं फिन आरामाचं घ्या. पातं मऊ, कप्पा ऐसपैस. आत मोजे घालून बोटं हलली पाहिजेत. वेगाचं नंतर बघू." तिने मान डोलावली. पायाच्या मापाचं हा आपल्याला शिकवतोय, याची तिला गंमत वाटली.

खेळाच्या सामानाच्या दुकानातला विक्रेता तिच्या मनातून पहिल्याच मिनिटाला उतरला. त्याने गिऱ्हाइकाच्या पायाला हातसुद्धा लावला नाही. लांबूनच म्हणाला, "मॅडम, एक नंबर मोठा घ्या."

मोठा घ्या म्हणजे मोठे नंबर पडून आहेत, हे तिला न सांगता कळलं. दुकानात ती स्वतः काय वेगळं करत होती? शिवाय तिने आपलं डोकं लढवलं. संध्याकाळी पाय सुजलेला असतो, गार पाण्यात तो आकसणार. आणि घट्ट बूट काय, आठवडाभरात सैल होतोच. दोन्ही हिशेब चोख होते. तिने एक नंबर लहान घेतलं, तेही कडक पात्याचं, मुलगी वापरायची तसलं. विक्रेत्याने खांदे उडवले.

सैल होतं ते चामडं. हे जाड रबर होतं, आणि ते हट्टाला पेटलं.

पहिल्याच दिवशी पोटरीत गोळा आला. दुसऱ्या खेपेला पाण्याखाली बोटं बधिर झाली, वर आल्यावर मुंग्या आल्या आणि मग आग आग. अंगठ्याचं नख काळं पडलं. ती घरी फिन घालून पलंगावर बसे, कप्प्यांत कागदाचे बोळे कोंबून ठेवे, गरम पाणी ओते. बुटांच्या दुकानातली सगळी अक्कल वापरून झाली. "परत देऊन ये की," नवरा म्हणाला. त्या विक्रेत्यासमोर जाऊन चूक कबूल करायची? ती लंगडत स्वयंपाकघरात गेली आणि तिथून लंगडत परत आली. रविवार जवळ येत होता, आणि तिला कुठेच चैन पडत नव्हतं.

रविवारी मुलगी आली. केस आखूड कापलेले, खांद्यावर पिशवी. दोघी तलावाच्या कठड्याशेजारी बाकावर बसल्या आणि हवापाण्यावर बोलल्या. मग भिंगरीने घाईघाईने फिन पुढे ओढलं.

"थांब. हे नख कशाने झालं?"

"टेबलाला ठेचकाळले."

मुलीने फिन हातात घेतलं, कप्प्यात बोट घालून पाहिलं. मग ती ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली, आईच्या दोन्ही पावलांवर फिन चढवलं, तळहातात टाच धरली आणि अंगठ्याजवळ दाबलं. "कुठे टोचतंय?"

वर्षानुवर्षं भिंगरी हा प्रश्न दिवसभर विचारत आली होती. तिला तो कुणी विचारल्याचं आठवत नव्हतं.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "होईल सैल."

मुलगी हसली, पण त्यात हसू नव्हतं. "दुकानात उरलेले बूट तू माझ्यासाठी आणायचीस. टोचतात म्हटलं की हेच. होतील सैल."

"मग, झालेच ना? नंतर तू कधी तक्रार केली नाहीस."

"सैल नव्हते झाले, आई. मी सांगायचं सोडलं."

काहीतरी उत्तर द्यावं, उठावं, कुठेतरी निघून जावं असं भिंगरीला वाटलं; पण पाय फिनमध्ये होते आणि टाच मुलीच्या हातात. ती बसून राहिली.

"इथे," ती शेवटी म्हणाली. "आणि टाचेला. दोन्हीकडे. खूप दुखतंय गं."

मुलीने अलगद फिन काढलं, दोन्ही पावलं थोडा वेळ चोळली आणि तलावाच्या सामानाच्या खोलीत जाऊन ढगळी घेऊन आली.

"हे? सगळे हसतील."

"हसू देत." तिने आईच्या पायांत जाड मोजे चढवले, वर ढगळी चढवली. "बोटं हलव."

बोटं हलली.

भिंगरी आधी गेली. मऊ पातं मागे आपोआप वाकत होतं, कुठे काही दुखत नव्हतं, आणि वर पाण्यातून मुलीची सावली तिच्या बरोबरीने सरकत होती. पलीकडच्या कठड्याशी ती वर आली तेव्हा तिला रडू येत होतं. तलावात ते एक बरं असतं.

मग मुलीने आपलं फिन चढवलं आणि इकडे तिकडे पाहिलं. "वर राहायला कोचना बोलावते."

"त्यांना कशाला? मी आहे."

मुलीने तिच्याकडे नीट पाहिलं. "नजर काढायची नाही हं."

"जा तू."

मुलगी खाली गेली. ढगळी हलवत भिंगरी तिच्या वरून निघाली, तोंड पाण्यात, श्वासाची नळी दातांत धरून. कुठेतरी शिट्टी वाजली. कुणाच्या हातून बादली पडली. कुणीतरी "बाई, बाई" अशी हाकही मारली. खाली तिची मुलगी निळ्या फरशीवरून जात होती. एवढी लांब, एवढी शांत. ती अशी पोहते हे भिंगरीला माहीतच नव्हतं.

कठड्याशी मुलगी वर आली. तोंडावरचं पाणी पुसलं, पहिला श्वास घेतला आणि लहानपणच्या आवाजात विचारलं, "बघितलंस?"

"बघितलं," भिंगरी म्हणाली. "पुन्हा जा."