लग्नात नवरदेवाच्या मांड्या

आमच्या घराण्यात एक रीत होती. लग्न लागलं की नवरदेवानं नवरीला उचलून मांडवापासून मारुतीच्या देवळापर्यंत न्यायचं. अंतर वीस-पंचवीस पावलं. ही रीत काढणारा पूर्वज शेतात राबणारा असणार. वंशात पुढे एखादा मास्तर निपजेल हे त्याच्या ध्यानीमनी नसावं.

साठ-एकसष्टची गोष्ट. मी कळंबला नववीच्या पोरांना शरीरशास्त्र शिकवायचो. माझ्या अंगावर मांस औषधालाही नव्हतं, पण स्नायूंवर बोलायला लागलो की पैलवानानं खाली मान घालावी. लग्नाला दोन दिवस होते. आमच्या दारी मांडव घालायला आलेल्या माणसांना मी चहाबरोबर धडाही पाजला. "कापसाच्या तंतूंचं सूत, सुताचे पदर वळले की दोर. स्नायू तसाच. बारीक तंतूंच्या जुड्या, जुड्यांचा गठ्ठा, आणि तो गठ्ठा चिवट पांढऱ्या दोरीनं हाडाला बांधलेला. मेंदूचा हुकूम आला की तंतू आखडतात, हाड ओढलं जातं, सांधा हलतो."

मामा खांब रोवत होता. "आन् ढकलते कोण?"

"कोणीच नाही. स्नायू फक्त ओढतो. कोपर वाकवायचं तर पुढचा ओढणार, सरळ करायचं तर मागचा. एक आखडला की दुसऱ्यानं ढिलं पडायचं."

"तुह्या माय-बापावानी," मामा म्हणाला. "माय ओढते, बाप ढिल्ला पडते." मग त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुले नवरी उचलते का पण? पोरगी माह्या गावची हाय, कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन कोसभर चालते. सोयरीक म्या जुळवली. पाडशीन तं मले गावात तोंड दाखवाले जागा राह्यणार नाही."

हे लागलं. मी विचार केला: खाली वाकून उठताना गुडघा सरळ करतो तो मांडीचा पुढचा स्नायू. व्यायामानं तंतू जाड होतात. महिनाभरात जे कमवायचं ते एका संध्याकाळीच का कमवू नये? गोठ्यामागे जाऊन मी दोनशे बैठका काढल्या. गाईनं चारा खाणं थांबवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पाय जड. लग्नाच्या सकाळी तर नवरीच्या गावी बैलबंडीतून मला पोत्यासारखं उतरवावं लागलं. सवय नसलेल्या स्नायूला एकदम राबवलं की तंतूंना बारीक इजा होते, आणि खरा ठणका दोन दिवसांनी चढतो, हे मला फार पुढे कळलं. म्हणजे दुखणं मी मुहूर्त पाहून मागवलं होतं.

"काहून भाऊजी, असे काहून चालून राह्यले?" वहिनी म्हणाली. "पळून जाचा इचार असन तं आतापासूनच लंगडू नका."

मंगलाष्टकं उभ्यानं निभली. होमासाठी पाटावर बसलो तो मात्र बसलोच. मामा म्हणाला, "चाल, उचल." सगळा मांडव माझ्याकडे पाहू लागला. मी मांडीला हुकूम सोडला. अर्धा उठलो, थरथरलो, परत पाटावर. मागून कोणीतरी खुदकन हसलं. मामा मांडवाच्या छताकडे पाहू लागला.

नवरीनं शेल्याची गाठ सारखी करायचं निमित्त करून मान खाली घातली. तिचे माझ्याशी पहिले शब्द हे: "मले उचलू नका. निस्ते उठा. भार माह्या हातावर टाका." तिनं मनगट धरून ओढलं आणि मी उभा राहिलो.

"रीत मोडली," एक म्हातारा पुटपुटला.

"कायची मोडली?" मामा म्हणाला. "दोघातलं एक उचलाचं असते. उचललं ना तिनं."

देवळाच्या तीन पायऱ्या तिच्याच जोरावर चढलो. खरी पंचाईत उतरताना. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताण खात खात सगळं वजन तोलतो, आणि माझा तोच संपावर होता. पहिल्याच पायरीला डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग मी तोंड देवाकडे फिरवलं आणि सासरच्या अख्ख्या गावासमोर पाठमोरा, एकेक पाय चाचपत, खाली आलो. बायको हात धरून बाजूनं.

मामानं संधी साधली. "पाहा, मास्तर देवाले पाठ नाही दाखवत. लय भाविक पोरगं हाय."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. सासूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले, आणि त्या घरी मला शनिवारी जेवण मिळायचं बंद झालं. भाविक जावयाला उपास असणारच, हे त्यांनी मला न विचारता धरून टाकलं. बायकोला खरं कारण ठाऊक होतं. ती समोर बसून भाकरी खायची आणि माझ्यापुढे शेंगदाण्यांची वाटी सरकवायची.