दातवाल्यांचे सुळे

दातवाले भाऊ मला भेटले ते एका किंकाळीमुळे. मी पाण्याची मीटरं वाचणारी बाई. लोकांच्या जिन्याखाली, मोरीमागे, कुत्र्याच्या साखळीच्या टप्प्यात वाकून आकडे टिपायचे, हा माझा धंदा. त्या शनिवारी दुपारी त्यांच्या घरामागे वाकले होते आणि आतून एक बाई अशी किंचाळली, की माझ्या हातातली बॅटरी मीटरच्या खड्ड्यात पडली. मी दार ढकलून आत घुसले. खोलीत अंधार, पडदे ओढलेले, आणि चांगली वयस्कर, नीटनेटक्या कपड्यांतली चार माणसं माझ्याकडे वळून बघताहेत. चौघांच्याही तोंडात लांब सुळे.

किंकाळी सिनेमाच्या पडद्यावरच्या बाईची होती. "घाबरलात?" चौघांतल्या एक बाई सुळे काढत म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला रागच आला. "बसा बसा. आता तो तळघरात जाणार आहे." मी काम टाकून बसले. सिनेमा आवडला वगैरे नंतरचं. पाय दुखत होते आणि समोर खुर्ची रिकामी होती.

त्या बाई म्हणजे वहिनी, दातवाल्यांची बायको. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, त्यामुळे आवाज गोड आणि जीभ तिखट. त्यांनी मला 'मीटर' म्हणायला सुरुवात केली ती कायमची. पुढच्या शनिवारी मी आपणहून गेले आणि मग जातच राहिले.

जुने भयपट आणि परग्रहांवरचे सिनेमे बघणारी माणसं डोक्याने जरा कमी असतात, असा लोकांचा समज आहे. असू दे. आमच्यातले मास्तर जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. उडती तबकडी घरघरत आली की ते हात वर करून आक्षेप घ्यायचे, "तिथे हवाच नाही, तर आवाज कसला येतोय?" आणि तरी एक शनिवार चुकवायचे नाहीत. चौथे होते शिंपी; ते फक्त राक्षसांचे कपडे बघायचे. दलदलीतून अक्राळविक्राळ प्राणी वर आला की खुर्ची पुढे ओढून म्हणायचे, "पाठीला चेन दिसतेय बघा. काखेत ओढतंय. कापड कमी घेतलंय." नवे सिनेमे आम्हाला कुणालाच चालत नसत. त्यांत रक्त फार, भीती नाही. आम्हाला हवा असायचा तो काळा-पांढरा, ज्यात बरणीतला मेंदू दोऱ्याने हलवलेला स्पष्ट दिसतो आणि तरीही पोटात गोळा येतो. असं का होतं, यावर चहा गार होईपर्यंत भांडायचो.

भाऊ भांडणात नसायचे. ते दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवणार, भाऊ त्यावरून प्लास्टरचा साचा करणार, मेणात दात लावणार, घासून चकचकीत करणार. ज्याच्या तोंडात ती कवळी बसायची त्याचं तोंड यांनी कधी बघितलेलं नसायचं. भुवयांवर कायम प्लास्टरची पूड आणि पाठीला बाक. बोलणं म्हणाल तर पोस्टमनसुद्धा त्यांच्यापेक्षा जास्त बोलतो. पण आमच्यात नवीन माणूस आलं की त्याच्या दातांचं माप भाऊ घ्यायचे आणि त्याच्या मापाचे सुळे करून द्यायचे, अगदी त्याच्या दातांच्या रंगाचे. दिवा मालवला की सगळ्यांनी सुळे चढवायचे, हा नियम. मला वाटायचं, सगळ्यांत मोठा वेडा हाच माणूस.

आता वहिनींचं सांगायला हवं. सांगायचं जिवावर येतं.

वहिनी सिनेमा बघता बघता पडद्याशी बोलायला लागल्या. "अगं जाऊ नकोस तिकडे, वेडी आहेस का?" असं त्या नायिकेला दटावायच्या. आम्ही हसायचो. आम्हाला ते फारच आवडलं. मग मास्तरही ओरडायला लागले, शिंपीही, मीही. सगळी खोली त्या पोरीला तळघरात जाऊ नको म्हणून सांगायची. दुसऱ्या कुठल्याही घरात लोकांनी काय होतंय ते ओळखलं असतं. आमच्या घोळक्यात ती मोठी गंमत ठरली आणि कित्येक महिने चालली. मग एका शनिवारी सिनेमा संपला, पडदे उघडले, आणि वहिनी चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या. "ती मुलगी घरी पोचली का? कुणीतरी फोन करा ना." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. 

डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी फारसं काही होणार नाही हेही सांगितलं. शनिवार बंद झाले. वहिनींची एकेक गोष्ट सुटत गेली. आधी नंबर, मग रस्ते, मग माणसं. सगळ्यांत शेवटी भाऊ सुटतील असं आम्ही धरून चाललो होतो, पण ते आमच्याही आधी सुटले. वहिनी त्यांना बघून अंग चोरायच्या. "हा कोण म्हातारा घरात शिरलाय?" म्हणून मला कानात विचारायच्या. ते चमचा घेऊन जवळ आले की ओठ घट्ट मिटून भिंतीकडे वळायच्या. दिवसा येणारी आयाही थकली. वहिनींच्या हाताची हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात आणा, नाकातून नळी घालू. पेशंट नळी ओढून काढतात, म्हणून हात बांधून ठेवावे लागतील.

"ओळखत नाही, त्याचं एवढं नाही," भाऊ मला म्हणाले. कामाच्या टेबलाशी बसले होते, समोर कुणाच्या तरी कवळ्या वाळत होत्या. "पण मला घाबरते हो ती. जन्मभर भुतांना हसली, आणि मला घाबरते." मी त्यांच्या नळाची गळती बघून आले. मला तेवढंच येतं.

मग शिंप्यांनी एक आचरटपणा केला. वहिनींना भेटायला आले ते दारातच सुळे चढवून. म्हणे, हसतील. मी त्यांना चांगलं झापलं. आजारी बाईसमोर असं ध्यान करून यायचं वय आहे का तुमचं? पण वहिनींनी मान वर केली, शिंप्यांकडे टक लावून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आलात? बसा ना. किती दिवसांनी!" जुन्या एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाल्या. भाऊ लापशीची वाटी घेऊन उभे होते. त्यांनी ती गुपचूप शिंप्यांच्या हातात दिली. अर्धी लापशी चादरीवर सांडली, पण वहिनींनी तोंड उघडलं. वाटी निम्मी झाली.

शिंप्यांना दुकान होतं, ते रोज येणार कसे? भाऊंनी आपले सुळे कपाटातून काढले, पण ते जुन्या दातांच्या मापाचे. मधल्या काळात त्यांचे वरचे सगळे दात गेले होते. दुसऱ्यांच्या कवळ्या वेळेवर देता देता स्वतःसाठी त्यांनी एक कामचलाऊ कवळी करून घातली होती, तीही जेवताना निसटायची. मग ठरलं, नवी कवळी करायची, सुळ्यांसकट. आता माप घेणार कोण? मला ट्रे धरायला बसवलं. गुलाबी लगदा भरलेला तो ट्रे मी त्यांच्या टाळूला दाबून धरला आणि ते खुणेने अजून दाबा, अजून दाबा म्हणत राहिले. "नाकाने श्वास घ्या," मी म्हणाले, "आणि माझ्या अंगावर ओकलात तर मी चालले." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते लगद्यामुळे होतं असं मी धरलं आणि पदराने पुसलं.

शिंप्यांनी अस्तराच्या कापडाचा काळा झगा शिवून आणला. "काखेत ओढणार नाही, बघून घ्या," म्हणाले. भाऊंनी सुळे बसवले, झगा चढवला, मागच्या दाराने बाहेर गेले आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. पाहुणा पुढच्या दाराने येतो, हे त्यांना बरोबर सुचलं. वहिनींनी त्यांना आपल्या बिछान्याशेजारी खुर्ची दिली.

नळी टळली. पण कुणाला हे ऐकून गंमत वाटत असेल तर त्याने एकदा येऊन बघावं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, वाटी आधी झाकून ठेवायची, सुळे घालायचे, झगा घालायचा, घराला वळसा घालून यायचं, कडी वाजवायची, घासागणिक वाट बघायची. सुळ्यांनी खालच्या हिरडीला जखमा झाल्या होत्या. गॅसवाला एकदा सिलिंडर फाटकातच टाकून पळाला. वहिनींचं झालं की भाऊ झगा काढायचे आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या गार लापशी खायचे, चावायला त्रास होतो म्हणून. मग परत टेबलाशी, कारण दातांच्या डॉक्टरांचे फोन चालूच. मी म्हटलं, "भाऊ, असं किती दिवस?" ते म्हणाले, "ती खाते तोवर."

परवाची दुपार. मी मीटरचं काम उरकून तिथे टेकले होते. भाऊ पाहुणा होऊन भरवत होते आणि वहिनी बऱ्यापैकी खात होत्या. मध्येच त्यांनी दाराकडे बघितलं.

"तुम्ही जरा लवकर आटपा हं," त्या पाहुण्याला म्हणाल्या. "आमचे हे येतील आता."

भाऊंचा चमचा वाटीत थांबला. किती दिवसांत वहिनींनी 'आमचे हे' म्हटलं नव्हतं.

"आले तर येऊ देत," भाऊ हळूच म्हणाले. सुळ्यांमुळे शब्द जड येत होते.

"छे, छे. तुम्हाला बघून घाबरतील. फार भित्रे आहेत ते." वहिनी पुढे वाकल्या, घरातली गोष्ट परक्याला सांगताना वाकतो तशा. "सिनेमात सबंध वेळ डोळे मिटून बसतात. त्यांना वाटतं, अंधारात मला दिसत नाही."

मी भाऊंकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्या खोलीत बसले, आमच्या सगळ्यांचे सुळे या माणसाने केले, सिनेमाचं मशीन याने लावलं, आणि मला पत्ता नव्हता. त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांची मान खाली गेली होती आणि झग्याच्या आत खांदे हलत होते. मला रडू आवरेना म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.

"मग येतात कशाला?" भाऊंनी विचारलं.

"मला आवडतं म्हणून," वहिनी म्हणाल्या. "दुसरं काय?" मग जरा घाबरून त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "मला कळलंय हे त्यांना सांगू नका हं. वाईट वाटेल त्यांना."

"नाही सांगत," भाऊ म्हणाले.

वहिनींनी तोंड उघडलं आणि भाऊंनी चमचा भरला.